युद्ध चालू असताना गोपनीय कागद हाती लागला तर: छापायचं, थांबायचं की कात्री लावायची

युद्ध सुरू झालं की न्यूजरूममध्ये दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो लगेच लावा नाहीतर दुसरे लावतील, दुसरा म्हणतो देशाचा प्रश्न आहे, हात लावू नका. गंमत म्हणजे दोघंही कागद वाचायच्या आधीच बोलत असतात. या दोघांच्या मधे जे काम करावं लागतं त्याबद्दल हा लेख आहे, म्हणजे कागद आल्यापासून बातमी लागेपर्यंत (किंवा न लागेपर्यंत) काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, आणि आधी ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांचं कुठे जमलं, कुठे फसलं. हा वकिली सल्ला नाही, वकील वेगळा लागणारच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कागदावरचा शिक्का बघून निर्णय घ्यायचा नाही. 'अतिगोपनीय' हा शिक्का मारणारा माणूस सरकारचा असतो, आणि तो कशासाठी मारलाय, शत्रूपासून लपवायला की आपल्याच लोकांपासून लपवायला, हे कागदावर लिहिलेलं नसतं. ते तुम्हालाच शोधायचंय. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा, आणि तो अख्ख्या बातमीला नाही तर एकेका वाक्याला विचारायचा: समोरच्या सैन्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने हे वाक्य आज रात्री वाचलं तर उद्या सकाळी तो काय वेगळं करेल? 'काहीच नाही, फक्त आमच्या मंत्र्याला घाम फुटेल' असं उत्तर आलं तर तो शिक्का तुमच्यासाठी अडथळा नाही. 'तोफेचं तोंड वळवेल' असं आलं तर कागदावर शिक्का नसला तरी ते वाक्य आज छापायचं नाही.

पहिला तास

जे काही आलंय, कागद, फोटो, ऑडिओ, ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचं नाही. हे सांगायला लागू नये खरं तर, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, 'सर हे बघा जरा' करत पाच जणांना फॉरवर्ड झालं की कोणाच्या फोनमधून काय बाहेर गेलं ते शोधून सापडत नाही. सुरुवातीला तिघांनाच कळलं पाहिजे: ज्याला मिळालं तो बातमीदार, संपादक आणि वकील. फाइल नेटला न जोडलेल्या कॉम्प्युटरवर उघडा. प्रिंट काढू नका, काढावीच लागली तर किती काढल्या आणि कोणाकडे आहेत हे लिहून ठेवा.

मग विचार करायचा तो देणाऱ्याचा. आजवरची प्रकरणं काढून बघा, छापणारा बहुतेक वेळा सुटतो आणि तुरुंगात जातो तो कागद देणारा. २०१७ मध्ये अमेरिकेत रिॲलिटी विनर या कंत्राटी कर्मचारी बाईने गुप्तचर खात्याचा एक रिपोर्ट प्रिंट काढून एका वेबसाइटला पोस्टाने पाठवला. वेबसाइटने तो खरा आहे का हे तपासायला त्याची प्रत सरकारकडेच दाखवली. त्या प्रतीवर घडी घातल्याच्या खुणा दिसत होत्या, म्हणजे कागद प्रिंट होऊन बाहेर आलेला होता, मग प्रिंट कोणी कोणी काढली ते बघितलं तर सहाच जण निघाले, आणि त्या सहातल्या एकीनेच त्या वेबसाइटला पूर्वी ईमेल केलेला. खेळ खलास. त्यात छापलेल्या कॉपीवर कलर प्रिंटरचे ते फिकट पिवळे ठिपकेही तसेच राहिले होते, ज्यातून प्रिंटरचा नंबर आणि प्रिंटची वेळ काढता येते. विनरला ६३ महिन्यांची शिक्षा झाली.

यातून कामाच्या गोष्टी तीन. पडताळणीसाठी मूळ कागद किंवा त्याचा स्कॅन कोणालाही द्यायचा नाही, मजकुराबद्दल आपल्या शब्दांत विचारायचं. वेबसाइटवर कागद टाकायचा असेल तर मजकूर नव्याने टाइप करून टाका, मूळ फाइल नको. आणि पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन ओढून नाव झाकलं असं समजू नका, खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच असतो आणि कोणीही सिलेक्ट करून कॉपी करतो, मोठमोठ्या वर्तमानपत्रांकडून हे झालंय. फोटोचंही तेच, आत लोकेशन आणि वेळ लपलेली असते, ती काढल्याशिवाय पुढे सरकवू नका.

अजून एक. कागद आपणहून आला आणि तुम्ही घेतला ही एक गोष्ट, आणि 'याच्या पुढची फाइल पण काढून आण, पासवर्ड असा फोड' असं तुम्ही सांगितलं ही वेगळी. बऱ्याच देशांत कायद्याची रेषा इथून जाते. देणाऱ्याला प्रश्न विचारा, समजून घ्या, पण चोरीचा प्लॅन तुम्ही आखू नका.

साठा मोठा असेल तर एक प्रत दुसऱ्या देशातल्या विश्वासू माध्यमाकडे ठेवायचा विचार करा. जुलै २०१३ मध्ये लंडनमध्ये गार्डियन वर्तमानपत्राला अमेरिकी पाळतीची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या फाइल असलेल्या हार्ड डिस्क सरकारी माणसांच्या समोर ग्राइंडर लावून फोडाव्या लागल्या. बातम्या मात्र थांबल्या नाहीत, कारण प्रती अमेरिकेत आणि इतरत्र होत्या.

खरा आहे का, आणि खरा असला तरी बरोबर आहे का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. युद्धात खोटे कागद मुद्दाम सोडले जातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण जास्त त्रास देणारा प्रकार म्हणजे खऱ्या कागदात केलेला छोटा बदल. २०२३ च्या सुरुवातीला डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरून अमेरिकी लष्कराचे युक्रेन युद्धाबद्दलचे कागद फुटले, ते खरे होते, पण त्यातल्या एका पानाची जी कॉपी टेलिग्राम ॲपवर फिरली तिच्यात मृतांचे आकडे फिरवलेले होते, रशियाचे कमी आणि युक्रेनचे जास्त. म्हणजे फॉन्ट खरा, शिक्का खरा, पान खरं आणि नेमका आकडा खोटा. ज्यांनी जुनी कॉपी शोधून शेजारी ठेवली त्यांनाच ते दिसलं. म्हणून आपल्याकडे आलेली प्रत पहिल्या हाताची आहे की दहाव्या हे आधी विचारा.

आणि अस्सल कागदातही चुकीचं असू शकतं. खालच्या अधिकाऱ्याने वरच्याला खूश करायला लिहिलेला रिपोर्ट अस्सलच असतो. तेव्हा 'कागदात असं म्हटलंय' आणि 'असं घडलंय' ही दोन वाक्यं कॉपीत वेगळीच राहिली पाहिजेत, उपसंपादकाने जागा वाचवायला ती एक केली की काम बिघडलंच.

देणारा का देतोय तेही विचारा. हेतू वाईट असला म्हणून कागद खोटा ठरत नाही, पण त्याने कुठली पानं दिली नाहीत हे हेतूवरून कळतं.

चार ढीग

आता मुख्य काम. कागद पानापानाने नाही तर वाक्यावाक्याने वाचायचा आणि चार ढीग करायचे. वेळ लागतो. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाचा तो ७,००० पानांचा गुप्त इतिहास, पेंटॅगॉन पेपर्स, न्यूयॉर्क टाइम्सकडे आला तेव्हा त्यांची टीम हॉटेलच्या खोल्या घेऊन जवळपास तीन महिने हेच करत बसली होती. तुमच्याकडे तीन महिने नसतील, पण तीन तास तरी काढा.

पहिला ढीग म्हणजे जे अजून घडायचंय. कुठली तुकडी कुठे, कधी निघणार, कुठून जाणार, कशावर हल्ला. याबद्दल वाद घालू नका, हे थांबवायचंच. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा मोठा निकाल म्हणून ज्याचं नाव घेतात त्या १९३१ च्या नियर खटल्यातही अमेरिकी सुप्रीम कोर्टाने म्हटलंच होतं की सैन्य घेऊन जाणाऱ्या जहाजांच्या वेळा किंवा सैन्याची संख्या आणि जागा छापण्यापासून सरकारने रोखलं तर कोणी प्रश्न विचारणार नाही. तरीही चुका होतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा माहिती सरकारच्याच तोंडून फुटलेली असते. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात गूज ग्रीनवर हल्ला करायला ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन दबा धरून बसली होती, आणि त्या सैनिकांनी स्वतःच्या रेडिओवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर ऐकलं की पॅरा गूज ग्रीनकडे सरकताहेत. कमांडर कर्नल जोन्स इतका भडकला की खटला भरतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लढाईत तो मारला गेला. बातमी लंडनमधून आली होती, रणांगणावरच्या बातमीदारांकडून नाही. 'अधिकाऱ्याने सांगितलं म्हणजे चालतं' हे इथे चालत नाही.

१९४३ चं अजून एक प्रकरण आहे, ते तर अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्याने पत्रकार परिषद घेऊन केलं. अँड्र्यू मे नावाचे गृहस्थ पॅसिफिकचा दौरा करून आले आणि सांगून बसले की जपानी डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे पाण्याखालचे बॉम्ब) कमी खोलीवर फुटतात म्हणून आपल्या पाणबुड्या वाचतात. ऑन रेकॉर्ड, नावानिशी, मग वर्तमानपत्रांनी छापलंच. पाणबुडी दलाचे ॲडमिरल लॉकवूड नंतर म्हणाले की यामुळे १० पाणबुड्या आणि ८०० माणसं गेली. हा आकडा त्यांचाच अंदाज आहे, इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही. पण वरचा प्रश्न लावून बघा: हे वाचून समोरचा उद्या काय करेल? खोलीची सेटिंग बदलेल. उत्तर इतकं सरळ आहे.

दुसरा ढीग फसवा असतो: 'आपल्याला कसं कळलं' हे ज्यातून उघड होतं ते. जून १९४२ मध्ये अमेरिका आणि जपानमधली मिडवेची नाविक लढाई संपता संपता शिकागो ट्रिब्यूनने बातमी लावली की जपानच्या हल्ल्याच्या योजनेची खबर नौदलाला आधीच होती, आणि सोबत जपानी जहाजांची नावं दिली. बातमीत कोडबिड फोडल्याचा एक शब्द नव्हता. पण एवढी नेमकी यादी, जहाजांच्या नावासकट, लढाईच्या आधी हातात येते ती कशी? तर त्यांचं कोड फुटलं असल्याशिवाय येत नाही, हे समोरच्याला कळायला दोन मिनिटं पुरतात. नशीब असं की जपानने ते लक्षात घेतल्याचं दिसत नाही. पुढचा भाग सरकारांनी शिकण्यासारखा आहे. सरकारने पेपरवर केस करायचं ठरवलं, ऑगस्टमध्ये ग्रँड ज्युरी (खटला भरायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची समिती) बसली, आणि मग नौदलालाच कळलं की केस लढवायची तर कोड फोडल्याचं कोर्टात सांगावं लागेल. ज्युरीने आरोप ठेवले नाहीत. बातमीपेक्षा आरडाओरडाच जास्त धोक्याचा होता.

म्हणून या ढिगासाठी प्रश्न थोडा बदलतो: 'हे वाचून त्यांना आपली खिडकी कुठे आहे ते कळेल का?' नेमकी वेळ, शब्दशः संभाषण, फक्त चारच लोकांना माहीत असलेली गोष्ट, सॅटेलाइट फोटोची क्वालिटी. बातमी तशीच ठेवून यातला नेमकेपणा कमी करता येतो बऱ्याचदा. 'मंत्रिगटाला हल्ल्याआधी इशारा मिळाला होता' एवढं पुरतं, इशाऱ्यातला शब्द न शब्द द्यायची गरज नसते.

तिसरा ढीग माणसांची नावं. खबरी, दुभाषी, गुप्तहेर, स्थानिक मदतनीस. जुलै २०१० मध्ये गोपनीय कागद जाहीर करणाऱ्या विकिलीक्स या वेबसाइटने अफगाणिस्तान युद्धाचे सुमारे ७५,००० रिपोर्ट टाकले तेव्हा त्यात अमेरिकी सैन्याला माहिती देणाऱ्या अफगाण लोकांची नावं राहून गेली, आणि ज्या वर्तमानपत्रांनी तेच कागद घेऊन नावं गाळून छापले त्यांच्या बातमीत काहीही कमी पडलं नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये इराकचे जवळपास ३,९२,००० रिपोर्ट आले तेव्हा विकिलीक्सनेही नावं गाळली. हा ढीग सोपा आहे: गावातल्या माणसाचं नाव काढा, गावाचं नाव काढा, आणि 'त्या भागातला एकमेव शिक्षक' असली वर्णनंही काढा कारण तेही नावच असतं. मोठ्या पदावरच्या माणसाने चूक केली असेल तर तो मात्र या ढिगात येत नाही.

चौथा ढीग म्हणजे धोरण, चूक, खोटेपणा, गुन्हा. यासाठीच तर हा सगळा उपद्व्याप. पेंटॅगॉन पेपर्समधलं बहुतेक सगळं या ढिगातलं होतं, १९४५ ते १९६७ चा इतिहास, एक सरकार दुसऱ्यामागून लोकांना काय सांगत होतं आणि आत काय म्हणत होतं. कागद बाहेर काढणाऱ्या एल्सबर्गने स्वतःच शांतता वाटाघाटींचे चार खंड बाजूला ठेवले होते, म्हणजे ढीग करण्याचं काम देणाऱ्यानेच सुरू केलं होतं. ज्या सॉलिसिटर जनरल ग्रिसवोल्ड यांनी छापू देऊ नका म्हणून सुप्रीम कोर्टात बाजू मांडली, त्यांनीच १९८९ मध्ये लिहिलं की छापल्यामुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका झाल्याचं आपल्याला कुठे दिसलं नाही. ऑस्ट्रेलियातही तसंच, तिथल्या एबीसी या प्रसारण संस्थेने २०१७ मध्ये अफगाणिस्तानातल्या आपल्या स्पेशल फोर्सच्या वागण्याबद्दलचे गुप्त कागद छापले, २०१९ मध्ये त्यांच्या ऑफिसवर पोलिसांची धाड पडली, आणि २०२० मध्ये सरकारच्याच चौकशी रिपोर्टने ३९ बेकायदा हत्यांबद्दल विश्वासार्ह माहिती असल्याचं म्हटलं. कागद देणारा डेव्हिड मॅकब्राइड मात्र २०२४ मध्ये तुरुंगात गेला. त्याला नक्की काय उघड करायचं होतं आणि छापून काय आलं यातही फरक होता, पण ते लांबेल.

कधीकधी असंही दिसतं की गुपित शत्रूला आधीच माहीत आहे. १९१४ मध्ये ब्रिटनची ऑडेशस ही युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडाली, शेजारून जाणाऱ्या प्रवासी जहाजावरच्या अमेरिकन प्रवाशांनी फोटो काढले, अमेरिकेत बातमी आली, आणि ब्रिटिश सरकारने मात्र ती बुडाल्याचं जाहीर केलं १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये, युद्ध संपल्यावर. चार वर्षं कोणापासून लपवलं म्हणे?

वेळ हेच खरं हत्यार

नवीन लोकांना वाटतं छापायचं की नाही एवढाच प्रश्न आहे. अनुभवी डेस्क विचारतो, कधी. पहिल्या ढिगातली बहुतेक माहिती काही तासांत किंवा दिवसांत शिळी होते, आणि शिळी झाली की ती चौथ्या ढिगात येते.

मार्च २०२५ चं प्रकरण यासाठी पाठ करून ठेवावं असं आहे. अमेरिकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर केली आणि त्यात चुकून द अटलांटिक मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग ॲड झाले. हल्ला १५ मार्चला झाला, त्याआधी त्यांनी काहीही लावलं नाही. २४ ला बातमी आली तीही हल्ल्याचे तपशील गाळून. मग सरकार म्हणायला लागलं की त्यात गोपनीय काही नव्हतंच, तेव्हा त्यांनी २६ ला मेसेज छापले, तरीही सीआयए या गुप्तचर संस्थेच्या एका अधिकाऱ्याचं नाव झाकलेलंच ठेवलं. हल्ला आधी होऊ दिला, धोरणाचा भाग त्यानंतर लावला, तपशील सरकारच्याच दाव्यानंतर, आणि नाव शेवटपर्यंत नाही. म्हणजे प्रत्येक ढिगाची वेळ वेगळी.

पण 'थांबा' म्हणणाऱ्याचा हेतूही तपासा. एप्रिल २००४ मध्ये इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या छळाचे फोटो सीबीएस या अमेरिकी चॅनलकडे होते आणि अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या विनंतीवरून त्यांनी प्रसारण दोन आठवडे थांबवलं, कारण तेव्हा इराकमध्ये लोक ओलीस धरले जात होते. कारण होतं, मुदत होती, नंतर लागलं. याउलट न्यूयॉर्क टाइम्सने सरकार वॉरंटशिवाय फोन ऐकत असल्याची बातमी व्हाइट हाऊसच्या सांगण्यावरून एक वर्षाहून जास्त दाबून ठेवली आणि डिसेंबर २००५ मध्ये लावली, मधे एक राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होऊन गेली. आणि १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीच्या बातमीवर जी बंदी घातली होती ती कोणाचे जीव वाचवायला नव्हती, बर्लिनमध्ये स्टालिनसाठी दुसरा समारंभ करायचा होता म्हणून होती. एपी या वृत्तसंस्थेच्या एडवर्ड केनेडीने जर्मन रेडिओवर ती जाहीर झालेली बघून बंदी मोडली, त्याची नोकरी गेली, आणि एपीने माफी मागितली २०१२ मध्ये. (तो १९६३ मध्येच वारला होता.)

म्हणून नियम असा ठेवा: थांबायचं तर तारीख लिहून थांबायचं. 'परिस्थिती निवळेपर्यंत' ही तारीख नाही. युक्रेनने २०२२ मध्ये किती वेळ थांबून छापायचं त्याचे तासच ठरवून दिले होते, हल्ला झालेल्या लष्करी ठिकाणांसाठी १२ तास आणि नागरी ठिकाणांसाठी ३, ते आवडो न आवडो पण निदान घड्याळ लावता येतं.

सरकारला फोन करायचा का

बहुतेक वेळा हो. पण आधी वकिलाला विचारून, कारण जिथे कोर्टाकडून छापण्याआधीच मनाई आणता येते तिथे तुमचा फोन म्हणजे त्यांना मिळालेली आगाऊ सूचना असते. आणि अजून एक धोका, तुम्ही प्रतिक्रिया मागताय तोवर तेच लोक सौम्य आवृत्ती दुसऱ्या कोणाला देऊन मोकळे होतात.

फोन प्रवक्त्याला नाही, ज्याला त्या कामातलं खरंच कळतं अशा वरिष्ठाला करायचा, संपादकाने करायचा. कॉपी पाठवायची नाही. 'आम्ही अमुक अमुक छापणार आहोत, यातल्या कुठल्या नेमक्या गोष्टीमुळे कोणाचं काय नुकसान होईल ते सांगा' असं विचारायचं आणि मुदत द्यायची. उत्तर 'सगळीच बातमी देशविरोधी आहे' असं आलं तर ते उत्तर नव्हे. 'तिसऱ्या परिच्छेदातल्या तळाचं नाव काढा, तिथून अजून विमानं उडतात' असं आलं तर गंभीरपणे घ्या, कारण नेमकं बोलणाऱ्याकडे बहुतेक वेळा नेमकं कारण असतं. २००५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने सीआयएच्या गुप्त तुरुंगांची बातमी लावली तेव्हा पूर्व युरोपातल्या देशांची नावं अशाच विनंतीवरून गाळली. बातमी तरीही उभी राहिली, पुलित्झरही मिळालं. काहींना ते गाळणंही पटलं नाही, मला पण पूर्ण पटत नाही, कारण नावं नाहीत म्हटल्यावर त्या देशांतल्या लोकांनी आपल्या सरकारला विचारायचं काय?

उलटी बाजू पण बघा. एप्रिल १९६१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने क्यूबावरच्या अमेरिकापुरस्कृत हल्ल्याच्या तयारीची बातमी सौम्य करून लावली, दहा दिवसांत बे ऑफ पिग्ज इथे त्या हल्ल्याचा फज्जा उडाला, आणि नंतर राष्ट्राध्यक्ष केनेडींनीच टाइम्सच्या संपादकाला बोलून दाखवलं की जास्त छापलं असतंत तर आमची मोठी चूक टळली असती. सरकारला खूश ठेवणं आणि देशाचं भलं करणं या दोन गोष्टी दरवेळी एक नसतात.

बोलणं झालं की लगेच नोंद: कोण, किती वाजता, काय मागितलं, काय मान्य केलं, काय नाही.

कायद्याचं थोडक्यात

देशागणिक चित्र पूर्ण वेगळं आहे. अमेरिकेत ३० जून १९७१ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने पेंटॅगॉन पेपर्स छापायला मोकळीक दिली, पण ती छापण्याआधीच्या मनाईबद्दल होती, छापल्यानंतरच्या खटल्याचा दरवाजा १९१७ च्या एस्पिओनाज ॲक्टमुळे उघडाच आहे. ब्रिटनमध्ये सरकार आणि माध्यमांची समिती काय छापू नये याच्या नोटिसा काढते, त्या ऐच्छिक आहेत, १९१२ पासूनची पद्धत, मात्र त्या बाजूला ठेवल्या तरी तिथल्या १९८९ च्या गोपनीयता कायद्यात 'जनहितासाठी छापलं' हा बचाव नाही. इस्रायलमध्ये लष्करी सेन्सॉरकडे मजकूर आधी द्यावा लागतो, पण १९८९ च्या निकालानुसार खऱ्या नुकसानीची जवळपास खात्री असेल तरच त्याला कात्री लावता येते. भारतात १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टच्या कलम ५ मध्ये असा कागद घेणाराही गुन्हेगार ठरू शकतो, आणि २००२ मध्ये दिल्लीतल्या एका पत्रकाराने ज्या माहितीसाठी सात महिने तुरुंगात काढले ती आधीच जगजाहीर होती, केस शेवटी सरकारने मागे घेतली. दुसरीकडे १० एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने राफेलचे छापून आलेले कागद चोरीचे म्हणून बाजूला ठेवायला नकार दिला.

आणि लष्करासोबत फिरताना तुम्ही ज्या नियमांवर सही केली आहे ते नियम कायद्याशिवायचे वेगळे. २००३ मध्ये इराकमध्ये फॉक्स चॅनलच्या हेराल्डो रिव्हेरा यांनी लाइव्ह कॅमेऱ्यासमोर वाळूत नकाशा काढून तुकडी कुठे आहे आणि पुढे कुठे जाणार ते दाखवलं, मग त्यांना तिथून निघावं लागलं. सही करण्याआधी वाचा.

लाइव्ह आणि तुकडे जोडणारे

छापील बातमीला निदान रात्र मिळते, लाइव्हला काहीच मिळत नाही. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यात सीमेपलीकडचे सूत्रधार टीव्ही बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते, २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनलवाल्यांना त्यावरून फटकारलं, आणि २०१५ पासून भारतात दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण केबलच्या नियमांनीच बंद आहे. ऑपरेशन चालू असेल तिथे कॅमेरा मागे घ्या, विलंबाने दाखवा, आणि अँकरला सांगून ठेवा की 'आता जवान गच्चीवरून उतरताना दिसताहेत' ही कॉमेंट्री नाही, खबर आहे.

तुकड्यांचा विचारही करा. तुमच्या बातमीत तळाचं नाव नाही, फोटोत मागे डोंगर आहे, आणि तिसरीकडे कोणीतरी विमानांची संख्या दिलीय, तिन्ही एकत्र केलं की झालं. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या नकाशावर अफगाणिस्तान आणि सीरियातल्या तळांचे आकार उजळून दिसताहेत, कारण सैनिक तिथे घड्याळ लावून पळत होते. कोणीच काही फोडलं नव्हतं. तेव्हा फोटो डेस्क आणि ग्राफिक्स डेस्कलाही ते चार ढीग समजावून सांगा, बातमीतून काढलेलं ठिकाण नकाशात राहून गेलं तर काय उपयोग.

लावताना आणि नंतर

मथळ्यात 'खळबळजनक गुपित' वगैरे नको, त्याने वाचक वाढतात पण कोर्टात तुमचा हेतू हाच होता असं दिसतं. बातमीतच दोन ओळींत सांगा की काय गाळलं आणि कोणत्या प्रकारच्या कारणासाठी, वाचकाला फसवल्यासारखं वाटत नाही. कागद कसा मिळाला याबद्दल मात्र जेवढं कमी तेवढं बरं, 'वरिष्ठ लष्करी सूत्रांनी' हे लिहिताना अशी सूत्रं एकूण किती असू शकतात ते मोजा, तीनच असतील तर शब्द बदला.

लागल्यावर बातमीदाराने सूत्राला अभिनंदनाचा मेसेज करायचा नाही. आनंद होतो हो, पण नाही करायचा. प्रतिस्पर्धी विचारतील, पोलिस विचारतील, आपलेच लोक चहाला विचारतील, 'सूत्राबद्दल बोलत नाही' हे एकच उत्तर, 'तो नव्हता' असंही म्हणायचं नाही कारण नाही नाही म्हणता यादी लहान होत जाते.

आणि पहिल्या दिवसापासून एक निर्णय-नोट ठेवा: कुठलं वाक्य कुठल्या ढिगात गेलं, काय गाळलं, किती तारखेपर्यंत, सरकारने काय सांगितलं, कोणाचं मत विरुद्ध होतं. सूत्राचं नाव किंवा ओळख पटेल असं काही तिच्यात नको, ती उद्या जप्त होऊ शकते. मत बदलतंही. २००६ मध्ये बँक व्यवहारांवर सरकार कशी नजर ठेवतं ती स्विफ्टची (बँकांमधल्या निरोपांची यंत्रणा) बातमी न्यूयॉर्क टाइम्सने लावली, तेव्हा त्यांच्याच पब्लिक एडिटरने (वाचकांच्या वतीने पेपरवर टीका करणारा संपादक) पाठिंबा दिला आणि चार महिन्यांत लिहिलं की नको होती लावायला. तुमच्यावरही तो दिवस येऊ शकतो, आणि तेव्हा 'आम्हाला त्या रात्री काय माहीत होतं' हे आठवणीतून सांगता येत नाही. नोटवर तारीख, वेळ टाका आणि सही संपादकाची घ्या, बातमीदाराची नाही.